आपली भाकरी आपण आणावी

पाटी मी स्वतः रंगवली. अक्षरं वाकडीतिकडी आली आणि ‘भाकरी’तला ‘भा’ इतका फुगला की ‘री’ला कोपऱ्यात अंग चोरून बसावं लागलं. पण भोरात ती कुणाला वाचता आली नाही असं झालं नाही. उलट ज्यांना ती डोळ्यांसमोर नको होती त्यांनी दोन दोन वेळा वाचली.

जुनी पाटी होती ‘एम्पायर रिफ्रेशमेंट रूम, प्रोप्रायटर मानसिंगराव’. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, पण तेच नाव पंधरा वर्षं भररस्त्यात टांगलेलं, तिथे मी एकटी लाजून काय करणार? त्या मोठ्या पाटीखाली, दाराच्या चौकटीवर, एक वीतभर पाटी होती. ‘बाहेरचे खाणे आत आणू नये.’ माझं भांडण त्या वीतभर पाटीशी होतं.

आमचे मालक पहिल्या लढाईत बसऱ्याला साहेबांच्या मेसमध्ये होते. तिथून ते सूप, कटलेट, पुडिंग आणि काटाचमचा कुठल्या हाताला ठेवायचा ते शिकून आले. भाटघरच्या धरणावर गोरे साहेब होते, संस्थानाकडे पाहुणे येत, वरंध्याच्या घाटाने कोकणात उतरणाऱ्या मोटारी भोरात थांबत. सन अठ्ठावीसच्या दिवाळीनंतर मालकांनी रिफ्रेशमेंट रूम उघडली. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या चोवीस खुर्च्या, भिंतीला पुरुषभर उंच आरसा. मेन्यूचं कार्ड बाईच्या हातचं नाजूक दिसेल म्हणून त्यांनी मला अक्षरं शिकवली. मी आधी ‘कटलेट’ लिहायला शिकले, माझं नाव नंतर.

पहिल्या दिवशी माझे वडील आले. मार्गासनीचे रखमाजी, माझे आबा. नसरापूर, कापूरव्होळ करत पायी आले होते, नवं धोतर नेसून. आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती आणि मला मूल नव्हतं. पुढेही झालं नाही. लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं अन्नपाणी घेत नाही, अशी आमच्याकडची रीत. त्यामुळे आबा कधीही आले की आपली भाकरी बांधून आणत आणि पाणी शेजारच्या आडावरचं पीत. त्या दिवशीही ते आरशाखालच्या मधल्या टेबलाशी खुर्चीत बसले, सगळीकडे बघून हसले आणि त्यांनी फडकं सोडलं. दोन भाकरी, कांदा, खुरासणीची चटणी. लेकीच्या भरल्या जागेत बसून चार घास खायची तेवढी एकच वाट त्यांना मोकळी होती.

शेजारच्या टेबलावर धरणावरचा साहेब होता आणि त्याच्याबरोबर भोरातले एक वकील. वकिलांनी नाकाला रुमाल लावला. मालक लगबगीनं गेले आणि आबांचा दंड धरून म्हणाले, “मामा, हितं नगं. मागं परसात बसा.”

आबांच्या तोंडात घास होता. तो त्यांनी गिळला, उरलेली भाकरी फडक्यात बांधली आणि उठले. परसात गेले नाहीत. सरळ मार्गासनीला गेले. मी स्वयंपाकघराच्या दारातून सगळं बघत होते आणि माझ्या हातात पुडिंगची बशी होती. ती मी साहेबापुढे नेऊन ठेवली. या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्याच दिवशी चौकटीवर ती वीतभर पाटी लागली आणि आबा पुन्हा कधी भोरात आले नाहीत. मी माहेरी जायची, ते माझ्याशी नीट बोलायचे, पण भोरचं नाव निघालं की गोठ्यात जायचे. मालक वाईट माणूस नव्हते. मूल नाही म्हणून दुसरी करा असं त्यांना सगळ्यांनी सांगितलं, त्यांनी कुणाचं ऐकलं नाही. त्या एका गोष्टीपायी मी त्यांना सगळं माफ केलं. फक्त जेवत्या माणसाला भाकरीवरून उठवलं ते सोडून.

मग दुसरी लढाई आली. पेट्रोल मिळेना तशा मोटारी थांबल्या. साखर, मैदा, लोणी काही मिळेना तसं पुडिंग गेलं, मग कटलेट गेलं. शेवटी रिकाम्या टेबलांवर पांढरी कापडं तेवढी उरली. बेचाळीसच्या पावसाळ्यात मालक गेले आणि दाराला कुलूप लागलं.

वर्षभरानं मी ते उघडायचं ठरवलं तेव्हा पहिले धावत आले माझे धाकटे दीर, चिमाजी. जागा माझ्या नावावर होती, म्हणून त्यांना ओरडण्यापलीकडे काही करता येत नव्हतं, पण ओरडण्यात त्यांनी कसर ठेवली नाही.

“वैनी, ऐकतोय ते खरं हाय का? तुमी भाकऱ्या इकनार? आमच्या घरातली बाई बाजारात बसून भाकऱ्या इकनार?”

भाकरी दारात आलेल्याला द्यायची असते, विकायची नसते, असं मीही लहानपणापासून ऐकत आले होते. ते मलाही पटतं.

“भाकरी न्हाई इकत, भावजी,” मी म्हणाले. “भाकरी ज्याची त्यानं आनायची. म्या कोरड्यास इकनार.”

“आनि टेबल-खुर्ची?”

“ती फुकाट.”

भावजींनी डोक्याला हात लावला. त्यांना कळेना की मी खुळावले की त्यांना खुळं करते आहे. पण माझा हिशेब साधा होता. बाजाराला येणारा प्रत्येक माणूस फडक्यात भाकरी बांधून येतो. किकवीचा असो, उत्रोलीचा असो, नाहीतर डोंगरावरचा मेंढरं राखणारा असो. नदीच्या काठावर, उन्हात, कांदा फोडून ती कोरडी खातो आणि वर पाणी पितो. भाकरी त्याच्याकडे असतेच. भाकरीला लावून खायला कालवण, पिठलं, आमटी, काहीतरी कोरड्यास हवं असतं आणि बूड टेकायला जागा. माझ्याकडे चोवीस खुर्च्या होत्या आणि भांडी घासता घासता उभं आयुष्य गेलेली, पण हाताला चव असलेली उत्रोलीची ठकुबाई होती. पंधरा वर्षं तिनं कटलेटच्या कढया घासल्या, तिला कुणी एक दिवस चुलीपाशी बसू दिलं नव्हतं.

“दादाचं नाव जाईल,” भावजी म्हणाले. “आनि तुमी रांडमुंड बाई. सकाळी सकाळी मानूस तुमचं तोंड बघून आत येईल?”

“तोंड बघायला येऊ नये, जेवायला यावं,” मी म्हटलं आणि रंगाचा डबा उघडला.

एवढं सगळं मी धंद्यासाठी केलं असं कुणी म्हटलं तर मी मान डोलावते. खरं ते इथे सांगते. मला माझ्या बापाला त्या आरशाखालच्या टेबलाशी, त्याच्या भाकरीसकट, परत बसवायचं होतं. आबा सत्तरीला आले होते. मला घाई होती.

वीतभर पाटी उपटून मी ठकुबाईकडे दिली. तिनं ती चुलीत घालून त्या जाळावर पहिलं पिठलं शिजवलं. चौकटीवर त्या जागी माझी पाटी लागली: ‘कोरड्यासाचे हॉटेल. आपली भाकरी आपण आणावी.’

भातं झोडून झाल्यावरच्या पहिल्या बाजाराला दार उघडलं. पावट्याचं कालवण, हुलग्याची आमटी, पिठलं, खुरासणीची चटणी आणि ताक. कार्ड मी जुन्याच कागदावर लिहिलं, वर सोनेरी मुकुट होता तो तसाच ठेवला. हुलग्याच्या डोक्यावर कधी नव्हे तो मुकुट आला.

लोक आले आणि जमिनीवर बसले! वहाणा दाराबाहेर काढून, खुर्च्या बाजूला सारून, टेबलांच्या पायांशी मांड्या घालून रांगेनं बसले. वर चोवीस खुर्च्या रिकाम्या आणि खाली वीस माणसं.

“वर बसा की!” मी ओरडले. “खुर्च्या काय देव्हाऱ्यात ठेवायच्या हायेत?”

एका म्हाताऱ्यानं हात जोडले. “मालकीनबाई, वर बसलो नि तुमी उठवलं तर काय घ्या?”

तो हसत म्हणाला. म्हणजे ती गोष्ट मार्गासनीतच राहिली नव्हती. पंधरा वर्षं ती बाजारभर फिरत होती. मी त्याचा हात धरला आणि त्याला उचलून खुर्चीत बसवलं. मग एकेक करून बाकीचे उठले, आणि बसले ते असे, की खुर्चीला आपला भार होऊ नये.

आणखी एक घोटाळा झाला. शेजारच्याला दिल्याशिवाय आपल्याकडे कुणी भाकरी मोडत नाही. इथे शेजारी कोण? कोरड्यास वाढणारी मी! प्रत्येकानं आपल्या भाकरीचा चतकोर मोडून माझ्यापुढे ठेवला. मी नको म्हटलं की त्यांचा घास थांबायचा. दुपारपर्यंत बाजरीचे, नाचणीचे, तांदळाचे तुकडे एका टोपलीत मावेनात. भाकरी न विकणाऱ्या हॉटेलात सगळ्यात जास्त भाकरी मालकिणीकडे जमली. ठकुबाई इतकी हसली की तिला ठसका लागला.

त्याच गर्दीत ते वकीलसाहेब आले. तेच, रुमालवाले. आता केस पिकले होते. आरशाखालच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले. तिथल्या एका खुर्चीत मी कुणाला बसू दिलं नव्हतं.

“हे काय चालवलंय सगुणाबाई? मानसिंगरावांनी एवढ्या हौसेनं उभं केलं, त्याची धर्मशाळा केलीत. आम्ही चार माणसांनी बसायचं कुठं?”

“पाटी वाचलीत का साहेब? भाकरी आणलीय?”

“मी? भाकरी?”

मार्गासनीचा गेनबा, आबांच्या शेजारचाच शेतकरी, जवळच जेवत होता. त्यानं आपली अर्धी भाकरी मोडून वकिलांपुढे धरली. “घ्या साहेब. माजी हाय, चालंल.” त्यात चेष्टा नव्हती. समोरचा उपाशी आहे एवढंच त्याला दिसलं होतं.

वकीलसाहेबांनी खिशातून रुमाल काढला. मी म्हटलं, “साहेब, तो रुमाल या दारात एकदा नाकाला लागलाय. पुन्हा लागला तर मी तुम्हाला भरल्या खोलीसमोर बाहेर काढीन. मागच्या वेळी ज्याला काढलं तो माझा बाप होता.”

वकिलांना तो दिवस आठवला की नाही कोण जाणे. ज्यांना उठवलं जातं त्यांनाच असले दिवस आठवतात. रुमाल खिशात गेला आणि वकील रस्त्यावर गेले. मला बरं वाटलं.

संध्याकाळी गेनबा गाडी जुंपायला निघाला तेव्हा मी त्याला गाठलं. आठ दिवसांपूर्वी त्याच्याबरोबरच मी आबांना निरोप धाडला होता: पाटी बदलली, भाकरी घेऊन या. दिवसभर मला विचारायचा धीर झाला नव्हता.

“आबा काय म्हनलं, गेनबा?”

गेनबानं बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. “काय सांगू बाई. म्हातारं म्हनलं, ‘पाटी बदलली आसंल, खुर्ची तीच हाय न्हवं?’”

मी आत गेले. आरशाखालची खुर्ची उचलली आणि बाहेर आणून गेनबाच्या गाडीत ठेवली. भावजी समोरच्या दुकानाच्या पायरीवरून दिवसभर गर्दी मोजत होते, ते धावत आले. “वैनी! दादानं मुंबईस्नं आनलेली खुर्ची हाय ती! जोड फुटंल!”

“फुटू दे. गेनबा, आबांना म्हनावं ही खुर्ची तुमची. बसायची आसंल तर बसा, न्हाईतर चुलीत घाला. पर पुन्यांदा मला खुर्चीचं सांगू नका.”

बापाला असा निरोप कुणी धाडत नाही. पण मी तरी कुणावर गेले होते?

ते आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. ठकुबाई म्हणायची, पिठल्यात मीठ दोनदा पडतंय. आरशाखाली खुर्चीएवढी मोकळी जागा होती आणि मी येताजाता तिला अडखळत होते. म्हाताऱ्यानं खरंच चुलीत घातली असेल तर? वकीलसाहेबांचे दोन मित्र मात्र मधल्या एका दुपारी पोळीचे डबे घेऊन आले, भिंतीकडे तोंड करून बसले आणि हुलग्याची आमटी दोनदा मागून घेतली. मी त्यांना काही बोलले नाही. पाटीप्रमाणे वागणाऱ्या माणसाशी माझं भांडण नव्हतं.

पुढच्या बाजाराला गर्दी दुप्पट झाली. गर्दी पाहून भावजींचं कापलेलं नाकही जागेवर आलं होतं आणि ते न सांगता गल्ल्यावर जाऊन बसले होते. उन्हं डोक्यावर आली तेव्हा रस्त्यावर काहीतरी गलबला झाला. मी दारात आले.

नदीकडून आबा येत होते. गेनबाची गाडी बाजारात सुटली होती, तिथून ते चालत निघाले होते. डोक्यावर पागोटं, पागोट्यावर उलटी खुर्ची, तिचे चार पाय वर आभाळात. काखेत फडकं. गेनबा मागून म्हणत होता, “आबा, मी घेतो,” आणि आबा त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हते. अख्खा बाजार बघत होता. ते आले, वहाणा न काढता आत आले, आरशाखाली खुर्ची मांडली, पागोट्याच्या शेवानं ती पुसली आणि तिच्यात बसले. भावजी गल्ल्यावरून उठून उभे राहिले. कुणीच जेवत नव्हतं.

आबांनी फडकं सोडलं. दोन भाकरी, कांदा, खुरासणीची चटणी.

मी कालवणाची वाटी घेऊन त्यांच्या शेजारी उभी होते. या क्षणासाठी मी एक युक्ती आठ दिवस घोळवून ठेवली होती. वाकून हळूच म्हणाले, “आबा, हे हाटेल हाय. जाताना आना टाकला की तुमी गिऱ्हाईक. रीत काई मोडत न्हाई.”

त्यांनी माझ्याकडे मान वर करून पाहिलं. डोळे पाणावलेले होते, पण आवाज चढा होता.

“वाढ.”

मी वाढलं. त्यांनी भाकरी मोडली, पावट्यात बुडवली आणि खाल्ली. मग दुसरी मोडली. खोलीतल्या लोकांनी आपापले घास उचलले. आबांनी दोन्ही भाकरी संपवल्या, वाटी पुसून घेतली आणि म्हणाले, “पानी.” मी तांब्या दिला. माझ्या घरचं पाणी. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती. ते गटागटा पीत होते आणि त्यांचा कंठ खालीवर होताना मी बघत होते. पदराला डोळे पुसले तर लोक बघतील म्हणून तशीच उभी राहिले.

आबा उठले आणि दाराकडे निघाले. गल्ल्यापाशी भावजी थांबले होते. त्यांनाही माझीच युक्ती सुचली असावी, आणि त्यांच्या बाजूनं ती चांगल्या मनानंच होती.

“रखमाजीबाबा,” ते आदबीनं म्हणाले, “येक आना टाकून जावा. म्हंजे लेकीच्या घरचं खाल्लं आसं व्हनार न्हाई. चार लोकं बघत्यात.”

आबांनी बंडीच्या खिशात हात घातला. मी मान खाली घातली. चालेल, मनात म्हटलं, एवढंही चालेल.

त्यांनी खिशातून तंबाखूची चंची काढली. चिमूट मळली, तोंडात टाकली आणि चंची परत खिशात ठेवली.

“गिऱ्हाईक न्हाई म्या,” ते म्हणाले, खोलीतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. “बाप हाय. लेकीच्या घरी जेवलोय. तिला प्वार न्हाई म्हनून तिचं घर घर न्हाई का? वीस वर्सं म्या रीत पाळली, आनि तिला हितं येकटी पाडली. तेवा कुनाला कळवायचं आसंल त्याला कळवा.”

भावजींनी गल्ल्याचं झाकण लावलं.

दारात आबा वळले. चौकटीवरच्या पाटीकडे बोट करून गेनबाला विचारलं, “काय लिव्हलंय म्हनं?”

“आपली भाकरी आपन आनावी,” गेनबा म्हणाला.

“हां.” आबांनी माझ्याकडे पाहिलं. “म्या न्हाई आननार पुढच्या बाजारापास्नं. तू करून ठिव.”

माझ्या हॉटेलात भाकरी मिळत नाही. कुणी कितीही मागितली तरी मी पाटीकडे बोट दाखवते. पण दर बाजाराला पहाटे, ठकुबाई यायच्या आत, मी परात पुढे घेऊन दोन भाकरी थापते.